समुद्रशैवालाचा अर्क व संवर्धित मासळीची रोगप्रतिकारशक्ती

द्राक्ष, ऊस, भाजीपाला इत्यादी पिकांवर समुद्रशैवालाचा अर्क फवारण्याची रीत आता महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना अपरिचित राहिलेली नाही. २०२१ साली केंद्र शासनाने खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजकांचा समावेश केला, त्यात समुद्रशैवालाच्या अर्कांनाही स्थान मिळाले. याच शैवालांचे अर्क आता कोळंबीच्या व माशांच्या खाद्यात मिसळण्यासाठी विक्रीस येत आहेत. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. यामुळे तळ्याच्या बांधावरील प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे यापुढे अधिकाधिक येत राहणार, हे उघड आहे. हा अर्क खाद्यात घालावा काय, घालावयाचा तर केव्हा व किती, आणि त्याने रोग बरा होतो काय, असे प्रश्न शेतकरी विचारतात. त्यांची उत्तरे देण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उत्तराचे सार आरंभीच सांगणे इष्ट होईल. समुद्रशैवालाचा अर्क हे औषध नव्हे. रोगाने ग्रासलेली कोळंबी वा मासळी त्याने बरी होत नाही. रोग येण्यापूर्वी, मोजक्या प्रमाणात व मोजके दिवस दिल्यास तो प्राण्याच्या अंगची प्रतिकारशक्ती जागृत करतो, एवढेच त्याचे कार्य आहे. हे कार्य कमी मोलाचे नाही. परंतु औषध समजून त्यावर पैसा खर्च करणाऱ्याची मात्र निराशाच होईल.

१. रोगाने होणारी हानी

कोळंबी संवर्धनात सर्वांत भयंकर रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय. तो विषाणूपासून होतो. १९९२-९३च्या सुमारास तैवान व चीन येथे तो प्रथम दिसून आला आणि १९९४ साली भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील तलावांत पोहोचला. रोगग्रस्त कोळंबी खाणे सोडते, सुस्त होऊन बांधाच्या कडेला येते आणि तिच्या कवचाच्या आतील बाजूस सुमारे अर्धा ते दोन मिलिमीटर व्यासाचे पांढरे ठिपके दिसतात. लक्षणे दिसू लागल्यापासून तीन ते दहा दिवसांत सबंध तलाव रिकामा होऊ शकतो. बीज, खाद्य, वीज व मजुरी यांवर महिनोन् महिने केलेला खर्च अशा रीतीने एका आठवड्यात बुडतो. कर्ज काढून तलाव उभारलेला असल्यास त्या कुटुंबाची पुढील कित्येक वर्षांची घडी विस्कटते.

दुसरा शत्रू म्हणजे व्हिब्रिओ वंशातील जिवाणू. ते खाऱ्या व निमखाऱ्या पाण्यात सदैव असतातच. पाणी बिघडले, तळाशी गाळ साचला अथवा कोळंबी अशक्त झाली की ते उचल खातात. गोड्या पाण्यातील रोहू, कटला व मृगळ या माशांत एरोमोनास जातीच्या जिवाणूंमुळे अंगावर रक्ताळलेले चट्टे व जखमा होतात. १९८८ साली भारतात शिरलेला व्रणांचा रोग बुरशीमुळे होतो. तो विशेषतः थंडीच्या दिवसांत आढळतो.

अशा वेळी काही शेतकरी प्रतिजैविक औषधांकडे धाव घेतात. ही धाव दोन कारणांनी घातक आहे. पहिले असे की, प्रतिजैविके विषाणूवर मुळीच चालत नाहीत. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात त्यांवरील सर्व खर्च पाण्यात जातो. दुसरे असे की, त्यांचा अंश मासळीच्या मांसात राहतो. २००१-०२च्या सुमारास आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडले आणि निर्यातीस मोठा धक्का बसला. ही दोन्ही औषधे आपल्या देशात जलसंवर्धनासाठी निषिद्ध आहेत. एका तलावातील अंशामुळे सबंध मालाची पेटी परत येते व शेजाऱ्याच्या निर्दोष मालावरही संशय येतो.

२. मासा व कोळंबी यांतील एक महत्त्वाचा भेद

माशाच्या शरीरात, माणसाप्रमाणेच, एकदा ओळख झालेल्या जंतूची स्मृती ठेवणारी व्यवस्था असते. म्हणून माशांना लस टोचता येते. नॉर्वेतील सॅमन माशांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८७ साली तेथे या व्यवसायात सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली जात होती. परिणामकारक लसी आल्यानंतर, मासळीचे उत्पादन अनेक पटींनी वाढूनही, हा वापर काही वर्षांतच अगदी अल्प झाला.

कोळंबीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या रक्तात आपल्यासारखी प्रतिद्रव्ये तयार होत नाहीत. त्यामुळे माशांसाठी वापरतात तशी लस तिच्या बाबतीत अद्याप व्यवहारात आलेली नाही. तिचा सारा भरवसा उपजत प्रतिकारशक्तीवर असतो. कठीण कवच, जंतूंना गिळणाऱ्या रक्तपेशी आणि जंतूभोवती काळा थर चढवून त्याला कोंडून मारण्याची क्रिया, ही तिची शस्त्रे होत. जखम झालेल्या कोळंबीच्या कवचावर काळे डाग आपण पाहतो. ती याच क्रियेची खूण आहे. समुद्रशैवालाच्या अर्काचा उपयोग मुख्यतः या उपजत शक्तीला जागविण्यासाठी होतो. म्हणूनच माशांपेक्षाही कोळंबीच्या बाबतीत त्याचा विचार अधिक झालेला आहे.

३. अर्क काम कसे करतो

जिवाणू व बुरशी यांच्या बाह्य आवरणात विशिष्ट रचनेच्या शर्करासाखळ्या असतात. कोळंबीच्या रक्तातील काही प्रथिने या साखळ्या ओळखतात. ओळख पटताच रक्तपेशींना इशारा मिळतो, त्या जंतूंना गिळू लागतात आणि काळा थर तयार करणारी क्रिया सुरू होते. बुरशीच्या आवरणात असणाऱ्या ग्लुकन नावाच्या साखळीसारखीच लॅमिनारिन नावाची साखळी तपकिरी शैवालातही असते. शैवाल स्वतः निरुपद्रवी असते. परंतु त्यातील साखळी शत्रूच्या आवरणासारखी असल्याने कोळंबीचे शरीर तिला पाहून सावध होते.

गावच्या जागल्याचे उदाहरण घेतल्यास हे सहज ध्यानात येईल. शिवारात अनोळखी पाऊलखुणा दिसल्या की चोर आलेला नसतानाही जागल्या काठी सरसावून गस्त घालू लागतो. त्याच रात्री खरा चोर आला तर त्याला जागा असलेला गडी सामोरा जातो. परंतु चोर घरात शिरून ऐवज घेऊन गेल्यावर पाऊलखुणा दाखवून काय उपयोग? तसेच, दररोज रात्री खोटा गलका केला तर जागल्या दमून जाईल व ऐनवेळी उठणार नाही. अर्क रोगापूर्वी द्यावा आणि सतत देऊ नये, हे दोन्ही नियम याच तत्त्वातून निघतात.

४. उपयोगी शैवालांचे प्रकार

समुद्रशैवालांचे रंगानुसार तीन गट पडतात.

तपकिरी शैवाल : सारगॅसम, पॅडिना, टर्बिनारिया इत्यादी. सारगॅसमला पानांसारखे फाटे व मिरीएवढे हवेचे गोल फुगे असतात. त्यांच्या योगाने ते पाण्यात उभे राहते. कोकण किनाऱ्यावरील खडकांवर पावसाळ्यानंतर ते वाढते. या गटात फ्युकॉइडान, लॅमिनारिन व अल्जिनेट ही द्रव्ये मिळतात. रोगप्रतिकारासंबंधी सर्वांत अधिक प्रयोग याच गटावर झालेले आहेत.

लाल शैवाल : ग्रॅसिलारिया, जेलिडियम, कॅप्पाफायकस इत्यादी. ग्रॅसिलारिया व जेलिडियम यांपासून अगार म्हणजे आपल्या परिचयाचे चायना ग्रास बनते. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर कॅप्पाफायकसची शेती केली जाते व त्यापासून कॅरॅजिनन मिळते.

हिरवे शैवाल : उल्वा इत्यादी. कोशिंबिरीच्या पातळ पानासारखे दिसणारे हे शैवाल खाडीच्या मुखाशी व खडकांवर आढळते. त्यातील मुख्य द्रव्य म्हणजे उल्वान होय.

सुकवलेल्या शैवालाची भुकटी आणि त्याचा अर्क यांत फरक आहे, तो नीट समजून घ्यावा. भुकटीत मीठ, राख व न पचणारा चोथा पुष्कळ असतो. ती थोड्या प्रमाणात खाद्यात चालते, जास्त झाल्यास वाढ खुंटते. अर्कात उपयुक्त शर्करासाखळ्या वेगळ्या काढलेल्या असतात. म्हणून अर्काची मात्रा भुकटीला किंवा भुकटीची अर्काला लावू नये.

५. प्रयोगांत काय आढळले

जपानमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ओकिनावा येथे खाण्यात असलेल्या मोझुकू नावाच्या तपकिरी शैवालातील फ्युकॉइडान कुरुमा कोळंबीला खाद्यातून दिले असता पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपासून तिचा बराच बचाव झाला. थायलंडमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सारगॅसमपासून काढलेले कच्चे फ्युकॉइडान टायगर कोळंबीला दिले गेले. मात्रा कोळंबीच्या वजनाच्या दर किलोस दररोज १०० ते ४०० मिलिग्रॅम होती. त्यातही बचाव दिसला. परंतु लहान कोळंबीपेक्षा मोठ्या कोळंबीत तो अधिक होता, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. चीनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सारगॅसमच्या शर्करासाखळ्यांचा अर्क खाद्यात अर्धा, एक व दोन टक्के या प्रमाणांत चौदा दिवस देऊन व्हिब्रिओ जिवाणूंची बाधा घडविण्यात आली आणि अर्क खाल्लेल्या कोळंबीचा टिकाव अधिक लागला. तैवानमध्ये ग्रॅसिलारियाचा गरम पाण्यातील अर्क पांढऱ्या पायाच्या, म्हणजे व्हनामी, कोळंबीवर वापरून असाच अनुभव २००५ साली नोंदविण्यात आला. आपल्या देशातही दक्षिण किनाऱ्यावरील सारगॅसमच्या अर्कांवर टायगर कोळंबीत असे प्रयोग झालेले आहेत.

माशांच्या बाबतीत जपानमध्ये १९८०च्या दशकापासून उल्वाची भुकटी समुद्री माशांच्या खाद्यात थोड्या प्रमाणात घालण्याचे प्रयोग झाले. त्यांत माशांची प्रकृती व ताण सोसण्याची शक्ती सुधारल्याचे आढळले.

या प्रयोगांचा अर्थ लावताना तीन मर्यादा विसरू नयेत. पहिली, हे बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतील टाक्यांत, स्वच्छ पाण्यात व मोजक्या कोळंबीवर झालेले आहेत. अर्ध्या हेक्टराच्या तलावातील गाळ, पाऊस व तापमानातील चढउतार तेथे नसतात. दुसरी, बचाव वाढला म्हणजे मरतूक थांबली असे नव्हे. मरतूक कमी झाली किंवा उशिरा झाली, एवढाच त्याचा अर्थ होतो. तिसरी, शैवालाची जात, ते काढण्याचा हंगाम व अर्क काढण्याची रीत यांनुसार अर्काचे बळ बदलते. त्यामुळे एका ठिकाणची मात्रा दुसरीकडे जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही.

६. मात्रेचा हिशेब

काही ठिकाणी मात्रा खाद्याच्या टक्क्यांत सांगतात, तर काही ठिकाणी कोळंबीच्या वजनावर. दोहोंचा मेळ कसा घालावा, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, अर्ध्या हेक्टराच्या, म्हणजे ५,००० चौरस मीटरच्या तलावात दर चौरस मीटरला ३० याप्रमाणे १,५०,००० बीज सोडले आहे. त्यापैकी ८० टक्के जगले असे धरल्यास १,२०,००० कोळंबी उरतात. जाळे टाकून वजन केले असता सरासरी ८ ग्रॅम भरले, तर तलावात एकंदर ९६० किलो कोळंबी आहे. वजनाच्या ४ टक्के खाद्य दिल्यास रोजचे खाद्य ३८.४ किलो होते.

आता खाद्यात अर्धा टक्का, म्हणजे किलोमागे ५ ग्रॅम कोरडा अर्क घालावयाचा ठरल्यास रोज १९२ ग्रॅम अर्क लागेल. कोळंबीच्या वजनावर हिशेब केल्यास, किलोमागे २०० मिलिग्रॅमप्रमाणे ९६० किलोस तेवढाच, म्हणजे १९२ ग्रॅम अर्क लागतो. म्हणजे खाद्य ४ टक्के असताना या दोन्ही मात्रा एकच आहेत. कोळंबी मोठी होऊन खाद्याचे प्रमाण वजनाच्या २ टक्क्यांवर आले, तर मात्र अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने कोळंबीच्या पोटात निम्माच अर्क जाईल. यास्तव विक्रेता मात्रा सांगतो तेव्हा ती खाद्यावर आहे की कोळंबीच्या वजनावर, हे प्रथम विचारून घ्यावे.

वरील तलावास चौदा दिवसांसाठी, खाद्य तेवढेच राहिले असे धरल्यास, सुमारे २ किलो ७०० ग्रॅम अर्क लागतो. या आकड्यास अर्काच्या किलोच्या भावाने गुणावे, म्हणजे एका फेरीचा खर्च निघेल. तो खर्च वसूल होण्यासाठी किती किलो कोळंबी अधिक मिळाली पाहिजे, हे भावाने भागून काढावे. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय खरेदी करू नये.

७. खाद्यावर अर्क चढविण्याची रीत

(अ) एका वेळच्या खाद्यापुरता अर्क काट्यावर मोजून घ्यावा. मुठीने वा चमच्याने अंदाज करू नये.

(आ) किलोभर खाद्यास ४० ते ५० मिलिलिटर स्वच्छ पाणी घेऊन त्यात अर्क पूर्ण विरघळवावा. लाल शैवालाचा अर्क थंड होताच थिजतो, म्हणून तो कोमट असतानाच वापरावा.

(इ) स्वच्छ ताडपत्रीवर खाद्य पसरून त्यावर द्रावण झारीने वा फवाऱ्याने सारखे शिंपडावे व हलक्या हाताने उलटसुलट करावे. दाणे मोडू देऊ नयेत.

(ई) खाद्य अर्धा तास सावलीत सुकवावे व नंतर त्यावर थोडे मासळीचे तेल अथवा खाद्यासाठी मिळणारा बंधक पदार्थ चढवावा. यामुळे अर्क पाण्यात लगेच सुटत नाही.

(उ) खाद्य त्याच दिवशी वापरावे. ओलसर खाद्य साठविल्यास बुरशी धरते आणि मग उपकाराऐवजी अपकार होतो.

(ऊ) टाकल्यानंतर खाद्य तपासणीच्या तबकाकडे लक्ष ठेवावे. अर्क लावलेले खाद्य कोळंबी नेहमीच्या वेळेत खात नसेल तर मात्रा कमी करावी किंवा देणे थांबवावे. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजून व्हिब्रिओला आमंत्रण देते.

८. केव्हा द्यावा व किती दिवस द्यावा

रोगाची शक्यता वाढण्यापूर्वी दहा ते चौदा दिवस अर्क देणे तर्काला धरून आहे. थंडीचा कडाका, पावसाचा मोठा लोंढा येऊन पाण्याची क्षारता एकाएकी उतरणे, शेजारच्या खाडीत वा तलावात रोग असल्याची बातमी, ही अशी प्रसंगस्थाने होत. कोकणात पावसाळ्याच्या आरंभी व थंडीत तापमान उतरत असताना या गोष्टींची आगाऊ कल्पना करता येते.

मात्र संबंध हंगामभर, रोज व अखंड अर्क देऊ नये. अशा उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत अधिक म्हणजे चांगले, हा न्याय चालत नाही. कोची येथील विद्यापीठात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समुद्रातील यीस्टपासून काढलेले ग्लुकन भारतीय पांढऱ्या कोळंबीस ०.२ टक्के या प्रमाणात दिले गेले. ते दररोज देण्यापेक्षा सात दिवसांतून एकदा दिल्याने अधिक लाभ झाला. ते ग्लुकन शैवालाचे नव्हते, परंतु अर्कातील लॅमिनारिन त्याच जातकुळीतले असल्याने हा बोध येथेही घेण्याजोगा आहे. एक फेरी झाल्यावर निदान तितकेच दिवस साधे खाद्य द्यावे, हा नियम सुरक्षित ठरेल.

९. या चुका टाळाव्यात

पिकांवर फवारण्यासाठी विकले जाणारे शैवालाचे द्रावण खाद्यात वा तलावात कदापि घालू नये. त्यात खते, क्षार व टिकवण द्रव्ये असू शकतात. ते पिकासाठी बनविलेले असते, प्राण्याच्या पोटासाठी नव्हे.

ज्या पुड्यावर वा बाटलीवर शैवालाचे नाव, उपयुक्त द्रव्याचे प्रमाण, निर्मितीची तारीख व मुदत छापलेली नाही, ती घेऊ नये. तटीय जलसंवर्धन प्राधिकरण कायदा २००५ अन्वये स्थापन झालेल्या प्राधिकरणाकडे, प्रतिजैविकरहित म्हणून त्या मालाची नोंद आहे किंवा नाही, याची विचारपूस करावी. काही पावडरी वनस्पतिजन्य म्हणून खपवितात व त्यांत प्रतिजैविक दडविलेले असते. माल नापास झाल्यावर तोटा शेतकऱ्यासच सोसावा लागतो.

किनाऱ्यावरील शैवाल आणून घरीच काढा करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. स्वच्छ धुऊन सावलीत सुकविलेल्या शैवालाची २० ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात दोन तास मंद आचेवर उकळून गाळल्यास अर्क मिळतो, हे खरे. परंतु त्याचे बळ किती हे कळण्यास मार्ग नसतो. शिवाय शैवाले समुद्राच्या पाण्यातील जड धातू अंगात साठवितात आणि तपकिरी शैवालांत आर्सेनिक साठते. हिजिकी या सारगॅसम जातीच्या शैवालात अकार्बनी आर्सेनिकचे प्रमाण मोठे असल्यामुळे ते खाऊ नये असा सल्ला ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ साली दिला होता. आर्सेनिकचा काही भाग उकळलेल्या पाण्यात उतरतो. म्हणून घरचा अर्क प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय विक्रीच्या मालास देऊ नये. कारखान्यांच्या वा शहरांच्या सांडपाण्याच्या मुखाशी वाढलेले शैवाल तर मुळीच घेऊ नये.

खडकावरील शैवाल मुळासकट उपटू नये. कालवे, खेकडे व लहान मासळी यांचा तो निवारा आहे, आणि त्या मासळीवर आपल्याच कोळी बांधवांचे पोट चालते. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीवाचून काहीही काढू नये.

१०. स्वतः पडताळा कसा घ्यावा

एका शेतकऱ्याने अर्क वापरला व त्या वर्षी रोग आला नाही, एवढ्यावरून अर्काचा गुण सिद्ध होत नाही. त्याच वर्षी काहीही न वापरणाऱ्या शेजाऱ्याच्या तलावातही कदाचित रोग आला नसेल. म्हणून तुलना केली पाहिजे. ती पुढीलप्रमाणे करावी.

एकाच तलावात सारख्या आकाराच्या सहा जाळीच्या पेट्या बांधाव्यात. प्रत्येकीत एकसारख्या वजनाच्या ५० कोळंबी मोजून सोडाव्यात. कोणत्या तीन पेट्यांस अर्क द्यावयाचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे पक्षपात होणार नाही. उरलेल्या तीन पेट्यांतील खाद्यासही तेवढेच पाणी व तेल चढवावे, फक्त अर्क वगळावा. तसे न केल्यास दिसलेला गुण तेलाचा की अर्काचा, हे कळणार नाही. तीस दिवसांनी प्रत्येक पेटीतील जिवंत कोळंबी मोजाव्यात व वजन करावे.

समजा, साध्या पेट्यांत ४१, ४४ व ३८ कोळंबी जगल्या आणि अर्काच्या पेट्यांत ४३, ४० व ४५ जगल्या. सरासरी अनुक्रमे ४१ व सुमारे ४३ येते. परंतु अर्काची एक पेटी साध्या दोन पेट्यांच्या मागे आहे. एवढ्या फरकावर खर्च करणे शहाणपणाचे नव्हे. याउलट अर्काच्या पेट्यांत ४७, ४६ व ४८ जगल्या असत्या, तर पुढील हंगामात तोच प्रयोग पुन्हा करून पाहण्यास आधार मिळाला असता. या काळात रोग आलाच नाही तर अर्काने भूक व वाढ यांवर काय परिणाम झाला, एवढेच कळेल. रोगप्रतिकाराचा निर्णय त्यावरून लागणार नाही. मुद्दाम रोगजंतू सोडून कसोटी घेण्याचे काम प्रयोगशाळांचे आहे, ते तलावावर कोणीही करू नये.

कार्यकर्त्यांनी अशा नोंदी तारखेनिशी वहीत ठेवाव्यात. रत्नागिरी येथील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयास अथवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयास त्या दाखवून सल्ला घ्यावा. चार तलावांच्या नीट ठेवलेल्या नोंदी शंभर ऐकीव गोष्टींपेक्षा अधिक मोलाच्या असतात.

११. आधी पाया, मग कळस

पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू तलावात येतो तो बहुधा दूषित बीज, खाडीचे न गाळलेले पाणी, रानटी कोळंबी व खेकडे यांच्याद्वारे. म्हणून पुढील गोष्टी प्रथम कराव्यात.

दोन पिकांमध्ये तलाव पूर्ण सुकवून तळास भेगा पडू द्याव्यात व काळा गाळ काढावा. पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यावे व शक्य तेथे साठवण तलावात काही दिवस ठेवून मग वापरावे. बांधाभोवती खेकड्यांना अटकाव करणारे कुंपण घालावे. पक्ष्यांसाठी दोऱ्या ताणाव्यात. बीज प्रयोगशाळेत तपासलेलेच घ्यावे. २००९ पासून परवानगी मिळालेल्या व्हनामी कोळंबीचे बीज विशिष्ट रोगांपासून मुक्त अशा मातृसाठ्यापासून घेतात. परंतु रोगमुक्त म्हणजे रोगास दाद न देणारे नव्हे, हा भेद ध्यानात असू द्यावा. बीज दाट सोडू नये. पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो, त्या वेळी वायुवीजक यंत्रे चालू ठेवावीत. एका तलावाचे जाळे, बादल्या व पादत्राणे निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या तलावात नेऊ नयेत.

रोग दिसताच पाणी खाडीत सोडू नये. तसे केल्यास भरतीबरोबर तो रोग शेजाऱ्याच्या तलावात शिरतो आणि पुढच्या भरतीस आपल्याकडेच परत येतो. प्रथम मत्स्यव्यवसाय कार्यालयास कळवावे व पाणी निर्जंतुक करूनच सोडावे.

गोड्या पाण्यातील शेततळ्यांत रोहू, कटला पाळणाऱ्यांस हाच क्रम लागू आहे. तेथे अर्कापेक्षा योग्य संख्येने बीज सोडणे, शेणखताचा अतिरेक टाळणे व थंडीपूर्वी पाण्याचा सामू तपासून आवश्यक तेवढा चुना देणे, या गोष्टींचा लाभ स्वस्त व खात्रीचा आहे.

सारांश

समुद्रशैवालाचा अर्क रोग बरा करीत नाही. तो प्रतिकारशक्ती जागवितो. तो रोगापूर्वी द्यावा, रोगानंतर नव्हे. मोजून द्यावा व अखंड देऊ नये. पिकांचे द्रावण तलावात घालू नये. नाव-प्रमाण नसलेला माल घेऊ नये. स्वच्छ तलाव, तपासलेले बीज व गाळलेले पाणी यांची जागा कोणताही अर्क घेऊ शकत नाही. आणि शेजारच्या तलावात काय घडले यापेक्षा आपल्या पेट्यांतील मोजदादीवर विश्वास ठेवावा.

आपला किनारा लांब आहे, त्यावर शैवालही आहे आणि कोळंबीचे तलावही आहेत. या दोहोंची सांगड घालून कोकणातील शेतकऱ्यास प्रतिजैविकांच्या विळख्यातून मुक्त होता आले तर ते निश्चितच हिताचे ठरेल. परंतु ती सांगड जाहिरातीवर विसंबून घालू नये. हातात काटा व वही घेऊन, टप्प्याटप्प्याने व पडताळा पाहूनच ती घालावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी शेतकऱ्यांचे साहाय्यक व्हावे, एवढीच विनंती आहे.